या प्रयोगात ताजमहाल कुठे आहे?



पेट, नेट, सेटची तयारी करणारे बरेच ज्युनिअर एकच प्रश्न विचारतात, "पेपर वाचायचा म्हणजे नक्की काय करायचं?" त्यावर दहा सल्ले देण्यापेक्षा आज एक पेपरच तुमच्यासमोर उघडून ठेवते. पेपर चांगला आहे, हे आधीच सांगते. वाईट पेपरवर टीका करून काही शिकायला मिळत नाही, त्याची चूक कोणालाही दिसते. चांगल्या पेपरमध्ये फट कुठे आहे हे शोधताना मात्र डोकं लागतं.

विषय तुमच्या ओळखीचा आहे: ताजमहाल पिवळा का पडतो?

या पेपरशी माझं जुनं नातं आहे. पीएचडीच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये मी हाच पेपर मांडला होता. बावीस स्लाइड केल्या होत्या, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो मोठे करून लावले होते, आणि शेवटच्या स्लाइडवर ठणकावून लिहिलं होतं, "म्हणजे कार्बन आणि धूळ हेच कारण." मागच्या बाकावरून आमच्या एका सीनिअर ताईंनी विचारलं, "छान. पण या प्रयोगात ताजमहाल कुठे आहे?" मला वाटलं त्या चेष्टा करताहेत. त्या चेष्टा करत नव्हत्या. पुढची पाच मिनिटं मी नुसती उभी होते.

तो प्रश्न समजायला मला बरेच दिवस लागले. तुम्हाला तेवढे लागू नयेत म्हणून हा लेख.

आधी दोन शब्द वेगळे करू: मळणं आणि झिजणं

दगडी इमारतीचं दोन प्रकारे बिघडतं. एक, तिच्यावर बाहेरून काहीतरी येऊन बसतं: धूळ, काजळी, पक्ष्यांची विष्ठा. याला मळणं म्हणू. दोन, दगड स्वतःच बदलतो. विरघळतो, त्याला भेगा पडतात, त्याचे कण सुटतात. शाळेच्या भूगोलात आपण याला विदारण म्हणत होतो. आपण झिजणं म्हणू.

हा फरक महत्त्वाचा का? कारण मळलेलं धुता येतं. झिजलेलं धुतलं तर आणखी झिजतं.

ताजचा संगमरवर राजस्थानातल्या मकराण्याचा. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. हवेतला सल्फर डायऑक्साइड, ऑक्सिजन आणि ओलावा यांच्याशी त्याची अभिक्रिया झाली की जिप्सम तयार होतं. जिप्समच्या एका मोलला कॅल्साइटच्या जवळपास दुप्पट जागा लागते. शिवाय ते पाण्यात कॅल्साइटपेक्षा कितीतरी जास्त विरघळतं. म्हणून पावसाच्या माऱ्यात असलेल्या भागातून ते वाहून जातं, आणि छज्जाखाली, कोपऱ्यात, कोरीवकामाच्या खोबणीत साठून राहतं. साठताना ते काजळी आणि धूळ पोटात घेतं. युरोपातल्या जुन्या चर्चवर जी काळी खपली दिसते ती बऱ्याच अंशी हीच. म्हणजे तिथे मळ दगडावर नुसता बसलेला नसतो. दगडाचाच काही भाग मळाचा भाग झालेला असतो.

दुसरी गंमत उष्णतेची. कॅल्साइटचा स्फटिक तापला की एका दिशेने प्रसरण पावतो आणि तिच्या काटकोनातल्या दिशेने किंचित आकुंचन पावतो. संगमरवरात असे असंख्य स्फटिक वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असतात. दर उन्हाळ्यात, दर दिवशी ते एकमेकांना ढकलतात आणि ओढतात. शेकडो वर्षांत त्यांच्यामधले सांधे सैल होतात. फार पुढे गेलं की दगडाचा पृष्ठभाग खडीसाखरेसारखा हाताला सुटतो. आग्र्याचा मे महिना आठवा आणि मग हे वाक्य पुन्हा वाचा.

आता पेपरकडे.

पेपर काय म्हणतो

मायकेल बर्गिन, सच्चिदानंद त्रिपाठी आणि सहकाऱ्यांचा हा पेपर 'एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड टेक्नॉलॉजी' या जर्नलमध्ये २०१५ साली छापून आला. फक्त पाच पानं. शीर्षकातच निष्कर्ष आहे: कार्बनचे कण आणि धूळ बसल्यामुळे ताजमहालाचा रंग बदलतो.

त्यांनी तीन कामं केली. पहिलं, हवेतले कण वर्षभर गोळा करून त्यांत प्रकाश शोषणारे घटक किती आहेत ते पाहिलं. हे घटक तीन: काळा कार्बन म्हणजे साधारणपणे काजळी, तपकिरी कार्बन म्हणजे लाकूड, पालापाचोळा, कचरा असं काही जळताना निघणारे रंगीत सेंद्रिय पदार्थ, आणि धूळ. दुसरं, ताजवर स्वच्छ संगमरवराचे छोटे तुकडे ठेवले, सुमारे दोन महिन्यांनी काढले आणि त्यांच्यावर काय बसलंय ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं. तिसरं, या कणांमुळे पृष्ठभागावरून किती प्रकाश परत येईल याचं गणित मांडलं आणि त्यावरून माणसाच्या डोळ्याला कोणता रंग दिसेल ते काढलं.

निष्कर्ष: काळा कार्बन, तपकिरी कार्बन आणि धूळ हे तिघं मिळून ताजच्या रंगबदलाला जबाबदार आहेत.

काय आवडलं

तीन गोष्टी मनापासून आवडल्या.

एक म्हणजे प्रश्न. "प्रदूषणामुळे ताज खराब होतो" हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतोय. पण प्रदूषण हा एक पदार्थ नाही. ताजच्या बाबतीत अनेक वर्षं सगळं लक्ष सल्फर डायऑक्साइडवर होतं. मथुरेची रिफायनरी १९८२ साली सुरू झाली, तिच्यावरून वाद झाले. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली ताज ट्रॅपेझियम झोनमधल्या कोळसा आणि कोक जाळणाऱ्या २९२ उद्योगांना नैसर्गिक वायू वापरा नाहीतर दुसरीकडे जा, असा आदेश दिला. हा झोन सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरचा. तो सगळा काळ गंधकाच्या रसायनशास्त्राचा होता. या पेपरनं विचारलं, ठीक आहे, पण रंग कशामुळे बदलतो? गंधकाचा वायू रंगहीन आहे, जिप्सम पांढरं आहे. मग पिवळा-तपकिरी रंग देतंय कोण? इतका साधा प्रश्न आधी कोणी नीट मोजून सोडवला नव्हता, हीच या पेपरची कमाई.

दुसरी गोष्ट तपकिरी कार्बन. काजळी सगळ्या रंगांचा प्रकाश साधारण सारखा शोषते, त्यामुळे पृष्ठभाग करडा दिसतो. तपकिरी कार्बन आणि धूळ निळ्याकडचा प्रकाश जास्त शोषतात, त्यामुळे जे उरतं ते पिवळसर दिसतं. म्हणजे रंग हाच पुरावा झाला. ताज नुसता काळवंडत असता तर वाहनांच्या धुरावर आणि काजळीवर बोट ठेवून मोकळं होता आलं असतं. तो पिवळा होतोय, म्हणजे आणखी काहीतरी आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे ते डोळ्यापर्यंत आले. अनेक पेपर "परावर्तन इतकं टक्के घटलं" इथे थांबतात. पण ताज बघायला येणारा माणूस परावर्तन बघत नाही, रंग बघतो. मोजमाप तिथपर्यंत नेणं हे प्रश्नाशी इमान राखणं आहे.

कुठे अडखळायला होतं

आता ताईंचा प्रश्न. या प्रयोगात ताजमहाल कुठे आहे?

हवा आग्र्याची आहे. धूळ तिथलीच आहे. तुकडे ताजवर ठेवले होते. पण तुकडे ताजचे नाहीत. ते नवे, स्वच्छ संगमरवर आहेत. याला सरोगेट म्हणतात, म्हणजे बदली खेळाडू. संरक्षित स्मारकाचा टवका काढून प्रयोगशाळेत नेता येत नाही, त्यामुळे बदली खेळाडू घेणं भागच होतं. त्यात लेखकांची चूक नाही. पण बदली खेळाडू घेतला की एक हिशेब द्यावा लागतो: तो मूळ खेळाडूसारखा कुठे आहे आणि कुठे नाही?

मघाचं झिजणं आठवा. ताजचा पृष्ठभाग साडेतीनशेहून जास्त उन्हाळे पावसाळे पाहिलेला आहे. त्याच्या स्फटिकांचे सांधे नव्या दगडापेक्षा सैल असण्याची शक्यता आहे. खडबडीत, भेगाळलेल्या पृष्ठभागावर कण जास्त अडकतात आणि पावसानं कमी निघतात. नव्या, गुळगुळीत तुकड्यावर उलट. शिवाय जुन्या पृष्ठभागावर जिप्समचा थर असेल तर कण त्यात रुततात. दोन महिन्यांच्या तुकड्यावर ते दिसायला वेळच मिळत नाही.

म्हणजे या प्रयोगानं "ताजवर काय येऊन पडतं" याचं उत्तम उत्तर दिलं. "ताज त्याचं पुढे काय करतो" याचं नाही. सरोगेट वापरला की नेमका दगडच प्रयोगातून बाहेर जातो. मळणं उरतं, झिजणं निघून जातं.

दुसरा मुद्दा एका शब्दाचा. सारांशात 'जबाबदार' असा शब्द आहे. गणितानं काय दाखवलं? इतके कण बसले तर साधारण असा रंग दिसेल. म्हणजे हे कारण पुरेसं आहे. पण पुरेसं कारण आणि एकमेव कारण यांत फरक आहे. समजा, तुमच्या खोलीतला दिवा लागत नाहीये. फ्यूज उडालेला सापडला. फ्यूज हे पुरेसं कारण आहे. पण बल्बही गेलेला असू शकतो, आणि तो तपासल्याशिवाय "फ्यूजच जबाबदार" म्हणता येत नाही.

ताजच्या बाबतीत 'बल्ब' कोणते? दगडातलंच लोह ऑक्सिडाइज होऊन रंग येऊ शकतो. ग्रीसच्या पेंटेलिक संगमरवराचा मधासारखा रंग याचं प्रसिद्ध उदाहरण. मकराण्याच्या दगडात तसंच होतं असं माझं म्हणणं नाही, पण शक्यता नाकारायची तर मोजून नाकारायला हवी. जैविक थर असू शकतात. यमुनेकडच्या भिंतींवर गोल्डीकायरोनोमस जातीच्या किड्यांच्या विष्ठेचे हिरवट डाग पडल्याची चर्चा २०१६ साली खूप गाजली, आणि नदीचं साचलेलं घाण पाणी हे त्यामागचं कारण म्हणून पुढे आलं. हवेतल्या कणांच्या कुठल्याच मॉडेलमध्ये हे किडे बसत नाहीत. आणि शेवटचा बल्ब म्हणजे आधीच्या स्वच्छतेचे परिणाम. त्यावर पुढे येते.

तिसरा मुद्दा वेळेचा. दोन महिन्यांत जे बसलं त्याला सहानं गुणलं की वर्षाचं मिळतं का? पाऊस पडला की काही धुऊन जातं. मार्चमधली धूळ आणि डिसेंबरमधला धूर वेगळे. शिवाय पृष्ठभाग जितका झाकला जाईल तितके नवे कण जुन्या कणांवरच पडतात, त्यामुळे रंगात होणारा बदल पुढे पुढे मंदावतो. सरळ रेषा ओढून चालत नाही. आणि पेपर वाचताना हेही शोधा: तुकडे आडवे ठेवले होते की उभे? उघड्यावर की आडोशाला? घुमटाच्या माथ्यावर आणि भिंतीवर कण सारख्या प्रमाणात बसत नाहीत. असे तपशील बऱ्याचदा मुख्य मजकुरात नसतात, पुरवणी माहितीत असतात. ती पुरवणी फाइल डाउनलोड करायचा कंटाळा करू नका. माझी पहिल्या वर्षीची अर्धी फजिती त्या कंटाळ्यामुळे झाली.

दुसरा पेपर, आणि एक छोटं चिन्ह

पुढच्याच वर्षी, २०१६ साली, राज लाल, अजय नागपुरे, अनु रामस्वामी, आर्मिस्टेड रसेल आणि इतरांचा पेपर 'एन्व्हायर्नमेंटल रिसर्च लेटर्स'मध्ये आला. त्यांनी विचारलं, जळण्यातून कार्बन येतो हे मान्य, पण काय जळण्यातून? दोन स्रोत घेतले: रस्त्याकडेला जाळला जाणारा शहराचा कचरा आणि चुलीतल्या गोवऱ्या.

उत्तर असं: कचऱ्यामुळे ताजवर दर चौरस मीटरला वर्षाला १५० मिलिग्रॅम बारीक कण, म्हणजे पीएम २.५, बसतात. गोवऱ्यांमुळे १२ मिलिग्रॅम. १५० मिलिग्रॅम म्हणजे जेमतेम एक चिमूट मीठ. पण काजळीची चिमूट पांढऱ्या फरशीवर पसरून बघा.

आता हे आकडे ऐकून डोक्यात काय येतं? "कचरा गोवऱ्यांच्या बारापट वाईट." बातमीचा मथळा तयार. पण पेपरमध्ये आकडे असे आहेत: १५० अधिक-उणे १३०, आणि १२ अधिक-उणे ३.२.

थांबा इथे. १५० अधिक-उणे १३० म्हणजे खरा आकडा २० असू शकतो आणि २८० सुद्धा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं, हा काय आकडा झाला? पण मग कागदावर मांडून बघितलं. तुम्हीही मांडा. कचऱ्याची खालची टोकं २०. गोवऱ्यांचं वरचं टोक १५.२. म्हणजे या मर्यादेत तरी कचरा गोवऱ्यांपेक्षा जास्त, हा क्रम टिकतो. पण पट किती? टोकाला टोक लावलं तर सव्वापटीपासून तीसपटीहून जास्त, काहीही. म्हणजे "जास्त" म्हणायला हरकत नाही, "बारापट" म्हणायला हरकत आहे. शिवाय ते अधिक-उणे म्हणजे एक प्रमाण विचलन की ९५ टक्के विश्वासमर्यादा, हे आधी बघायचं. एक प्रमाण विचलन असेल तर खरा आकडा त्याच्या बाहेर जाण्याची शक्यताही बरीच उरते.

इतकी अनिश्चितता का? कारण हा आकडा साखळीतून येतो. शहरात किती कचरा जळतो, त्यातून किती कण निघतात, ते वाऱ्यानं ताजपर्यंत किती पोचतात, आणि त्यातले किती दगडावर बसतात. प्रत्येक कडीत थोडी शंका, आणि शंका पुढे जाताना वाढत जाते. लेखकांनी ती लपवली नाही, हे त्यांचं मोठेपण. आकड्याच्या शेजारचं ते चिन्ह ज्यानं पुसलं तो दोषी.

आणि हे चिन्ह पुसलं की कोणाच्या घरात काय होतं, तेही बघा. ताजच्या भोवती जे निर्बंध आले त्यांत वाहनांवरचे आहेत, कारखान्यांवरचे आहेत, आणि गोवऱ्या जाळण्यावरचा सुद्धा आहे. गोवरी कोण जाळतं? ज्या घरात गॅस परवडत नाही ती बाई. तिच्या चुलीचा धूर तिच्या स्वतःच्या छातीत जातो, त्यामुळे गोवऱ्या बंद व्हाव्यात याला माझी हरकत नाही, पण ते तिला दुसरं इंधन देऊन, आणि तिच्या फुप्फुसासाठी. संगमरवरासाठी तिची चूल विझवायची असेल तर चूल किती दोषी आहे ते आधी नीट मोजलेलं हवं. पेपरच्या अंदाजानुसार ती दोन स्रोतांतली लहान बाजू आहे, आणि मोठी बाजू ही नगरपालिकेनं न उचललेला कचरा आहे. हा पेपर मला महत्त्वाचा वाटतो तो याच कारणासाठी. दगडाचा अभ्यास म्हणता म्हणता तो चुलीपाशी येऊन थांबतो.

पण इथेही सावध राहा. पेपरनं दोन स्रोतांची एकमेकांशी तुलना केली. "कचरा हेच ताजच्या पिवळेपणाचं मुख्य कारण" हे त्यातून निघत नाही. पहिला पेपर धुळीवर भर देतो, आणि धुळीचा मोठा भाग जाड कणांचा असतो. दुसऱ्याचा १५० हा आकडा बारीक कणांचा. शिवाय मिलिग्रॅम म्हणजे रंग नव्हे. एकाच वजनाची काजळी आणि माती दगडाला वेगवेगळा रंग देतात. दोन पेपर शेजारी ठेवून थेट बेरीज करायची नसते. दोघांनी काय मोजलं ते आधी बघायचं.

धुण्याचा हिशेब कोण मांडणार?

आता माझी खरी तक्रार. ती या दोन पेपरांपेक्षा या सगळ्या चर्चेबद्दल आहे.

ताज मळतो, मग त्याला मुलतानी मातीचा लेप लावतात. सुमारे दोन मिलिमीटर जाड लेप, तो वाळू द्यायचा, मग काढून डिस्टिल्ड वॉटरनं धुवायचं. १९९४, २००१, २००८ आणि २०१४ पासून पुन्हा, असे हे लेप झाले. तत्त्व सोपं आहे. मातीचे कण अतिशय बारीक, त्यामुळे पृष्ठभाग प्रचंड. ओल्या लेपातलं पाणी मळ सैल करतं, आणि वाळताना माती तो आपल्याकडे ओढून घेते. आम्लानं धुण्यापेक्षा हे कितीतरी सौम्य. संगमरवरावर आम्ल घालणं म्हणजे काय हे बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये बुडबुडे पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको.

पण सौम्य म्हणजे फुकट नव्हे. स्वच्छता ही नेहमी वजाबाकी असते. प्रश्न एवढाच की नक्की काय वजा झालं. जिप्समचा थर निघाला तर तो मूळचा संगमरवर होता. सैल झालेले स्फटिक लेपाबरोबर किंवा ब्रशबरोबर निघाले तर तोही ताजच होता. पृष्ठभाग आणखी खडबडीत झाला तर पुढचा मळ लवकर बसेल आणि पुढची स्वच्छता लवकर लागेल. असं चक्र सुरू होतं का? लेपांमधलं अंतर सात वर्षं, सात वर्षं, सहा वर्षं असं आहे. यावरून काही सिद्ध होत नाही, चार तारखांवरून आलेख काढू नका. पण प्रश्न मात्र उभा राहतो.

हा प्रश्न माझ्या मनचा नाही, इतिहासात त्याची महागडी उत्तरं आहेत. ब्रिटिश म्युझियममध्ये १९३७-३८ साली पार्थेनॉनची शिल्पं स्वच्छ करताना तांब्याची हत्यारं आणि कार्बोरंडम वापरलं गेलं. नव्या दालनासाठी पैसे देणाऱ्या लॉर्ड डुव्हीनना ती पांढरीशुभ्र हवी होती. मळ समजून जे खरवडलं त्यात शिल्पांचा मूळ पृष्ठभागही गेला, आणि तो परत येणार नाही. स्कॉटलंडमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काळ्या पडलेल्या वालुकाश्माच्या इमारती रसायनांनी आणि वाळूच्या माऱ्यानं धुण्याची लाट आली होती. इमारती उजळल्या. नंतर अभ्यासात दिसलं की काही ठिकाणी दगडात क्षार उरले आणि पृष्ठभाग सुटू लागला. फॉस्फेट असलेल्या रसायनांनी धुतलेल्या दगडात फॉस्फेट राहिलं, आणि ते शेवाळाला खत झालं. काळी इमारत धुऊन हिरवी झाली.

म्हणून माझं म्हणणं असं: मळ कशाचा यावर आपण इतकं मोजलं, तर धुण्यानं काय होतं यावरही तितकंच मोजायला हवं. "ताज पुन्हा पांढरा झाला" हे मोजमाप नाही, तो फोटो आहे.

आणि एका दगडाचं उत्तर दुसऱ्याला लावू नका. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा घ्या. लोक त्याला दख्खनचा ताज म्हणतात. पण तिथे खालचा पट्टा आणि घुमट संगमरवराचे, आणि मधला बराच भाग बेसाल्टवर केलेल्या चुन्याच्या गिलाव्याचा. एकाच इमारतीत तीन पदार्थ, पाणी शोषण्याच्या तीन तऱ्हा. ताजवर चाललेला लेप तिथल्या गिलाव्यावर चालेल असं गृहीत धरणं म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला देणं. बेसाल्ट तर सिलिकेटचा दगड. त्याचं रसायनशास्त्रच वेगळं.

मग प्रयोग कसा हवा होता?

टीका करणाऱ्यानं हे सांगायलाच हवं, नाहीतर ती नुसती कुरकुर होते. हे तुम्ही तुमच्या प्रपोजलचा सराव म्हणूनही वाचा.

तीन प्रकारचे तुकडे घ्यायचे. नवा मकराणा संगमरवर, जुना झिजलेला संगमरवर, आणि साधी काच. जुना कुठून आणायचा? मकराण्याच्या जुन्या घरांचे, पडक्या बांधकामांचे तुकडे शोधता येतात, किंवा नव्या दगडाला ओव्हनमध्ये वारंवार तापवून-थंड करून कृत्रिमरीत्या 'म्हातारा' करता येतो. काच कशाला? काचेवर मळ बसतो पण तिची सल्फर डायऑक्साइडशी अशी अभिक्रिया होत नाही. काच आणि नवा दगड यांतला फरक बराचसा अभिक्रियेचा, नवा आणि जुना दगड यांतला फरक झिजण्याचा. याला कंट्रोल म्हणतात, आणि जर्नल क्लबमध्ये मला विचारलेल्या प्रश्नाचं हेच उत्तर होतं.

तुकडे किमान एक वर्ष ठेवायचे, पावसाळा धरून. अर्धे उघड्यावर, अर्धे आडोशाला. दर महिन्याला रंगमापकानं रंग मोजायचा, शक्य तर वजन आणि खडबडीतपणाही. मग अर्ध्या तुकड्यांना मुलतानी मातीचा लेप द्यायचा, निघालेली माती तपासायची आणि तिच्यात कॅल्शियम किती आलं ते बघायचं. अर्थात मातीत स्वतःचं कॅल्शियम असतं आणि बसलेल्या धुळीतही असतं, त्यामुळे कोरी माती आणि काचेवरून काढलेली माती हेही कंट्रोल हवेत. शेवटी सगळे तुकडे पुन्हा बाहेर ठेवायचे. धुतलेला तुकडा न धुतलेल्यापेक्षा लवकर मळतो का? मला वाटतं हा एक आकडा सगळ्या वादापेक्षा जास्त उपयोगी पडेल. ताजला हात लावायची गरज नाही, आणि खर्चही फार नाही. लागतं ते एक गच्ची, परवानगी, आणि दोन वर्षांचा धीर.

माझा निकाल

पहिला पेपर ताजवर काय बसतं याबद्दल विश्वासार्ह आहे, आणि गंधकाच्या पलीकडे बघायला लावणारा आहे. 'जबाबदार' हा त्याचा शब्द मात्र त्याच्या पुराव्यापेक्षा एक पायरी वर उभा आहे. मी तिथे 'पुरेसं कारण' असं वाचते. दुसऱ्या पेपरचा आकडा सैल आहे पण प्रामाणिक आहे, आणि त्याचा क्रम मला पटतो. दोघांनाही धुण्याबद्दल विचारू नका, तो त्यांचा विषय नाही. तो कदाचित तुमच्यापैकी कोणाचा तरी असेल.

जाता जाता गृहपाठ. तुमच्या विषयातला एक पेपर घ्या, ज्याचा निष्कर्ष तुम्हाला पटलेला आहे. न पटलेला नको, पटलेलाच घ्या. त्यात मूळ वस्तूच्या जागी काय ठेवलंय ते शोधा: माणसाच्या जागी उंदीर, नदीच्या जागी टाकी, समाजाच्या जागी प्रश्नावली भरणारे शंभर विद्यार्थी. मग कागदावर दोन रकाने आखा, "कुठे सारखं" आणि "कुठे वेगळं". दुसरा रकाना रिकामा राहिला तर पेपर पुन्हा वाचा.

आमच्या त्या सीनिअर ताई आता पोस्टडॉकला गेल्या. मी आता मागच्या बाकावर बसते. परवा एका ज्युनिअरनं कॅन्सरच्या औषधावरचा पेपर छान मांडला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पण यात पेशंट कुठे आहे?" तो गप्प झाला. चहाच्या वेळी त्याला गाठून सांगितलं, घाबरू नकोस, हा प्रश्न मलाही विचारला होता.

भेटू पुढच्या पेपरला.